बिनअक्षरांची वावडी

ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा चुका दिसतील त्या पदरात घ्या. हे कोणी वाचेल असं काही नाही, पण लिहायला बसलं की समोर कोणीतरी बसलंय असं वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते सुरुवात अशी करत नसत. कुठलंही काम हाती घ्यायचं झालं की ते खाली वाकत, चिमूटभर कोरडी वाळू उचलत, हात छातीपर्यंत नेत आणि बोटं सोडत. वाळू कुठे जाते ते बघत. मग म्हणत, "वारो काय म्हणता ता आधी बघूया." होडी सोडताना हे करणं ठीक आहे. पण ते विडी पेटवायच्या आधी करत, आणि कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायच्या आधीसुद्धा करत. एकदा वाण्याने विचारलं, तंबाखू देऊ का, तर दुकानाच्या पायरीवर वाळू मिळेना म्हणून हे रस्त्यापर्यंत जाऊन आले. लोक हसायचे. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

ते आरोंद्याच्या खाडीवरचे तारी होते. या काठावरची माणसं होडीत घालायची, त्या काठाला उतरवायची, तिकडची इकडे आणायची, हे त्यांचं काम. त्यांच्या वडिलांचंही हेच. अख्खा गाव त्यांना तारी म्हणायचा. मी सून म्हणून या गावात आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, त्यांना मामा म्हण. तेव्हापासून मामा.

आमच्या काठावर महाराष्ट्र आणि समोरच्या काठावर गोवा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं, पण ते आम्हाला नुसतं ऐकून माहीत. पलीकडे माडच होते, इकडच्यासारखेच. बायका तिकडे हळदीकुंकवाला जायच्या, तिकडचे लोक इकडे बाजाराला यायचे. मुली दिल्याघेतल्या जायच्या. मामांनीही आपली एकुलती मुलगी तिकडे दिली होती, अगदी समोर. मोठ्या आंब्याच्या डावीकडे जे कौलारू घर दिसतं, ते. मुलगी लहान असतानाच तिची आई गेलेली. मुलगी समोरच आहे, वल्हं मारलं की पोचलो, म्हणून त्यांनी ते स्थळ पत्करलं. वरातीची होडी त्यांनी स्वतःच वल्हवत नेली असं सासूबाई सांगत.

मग सरहद्द बंद झाली. आमच्या बाजूने शिपाई बसले, त्यांच्या बाजूनेही बसले. होडी काठावर ओढून उलटी घातली गेली. पहिले काही दिवस सगळे म्हणत होते, चतुर्थीपर्यंत उघडेल. चतुर्थी आली नि गेली. मामांचं काम गेलं आणि मुलगीही गेली, दोन्ही एकाच दिवशी. पण घर तिथेच दिसत होतं. संध्याकाळी त्या घरातून चुलीचा धूर वर यायचा तोही दिसायचा. म्हणजे ज्यांचे डोळे चांगले त्यांना दिसायचा. मामांचे डोळे तोवर अधू झाले होते. पाण्यावरची चमक बघून बघून तारी लोकांचे डोळे लवकर जातात म्हणतात.

पाऊस संपल्यावर त्यांनी वावडी करायला घेतली.

वावडी म्हणजे पतंगच, पण आमच्याकडची वावडी माणसाच्या छातीएवढी असते. पोरं करतात त्या लहान. मामांची मोठी. त्यांना लहानपणापासून तो नाद होता म्हणे, मुलीच्या लग्नानंतर सुटला होता. आता हातांना काम नव्हतं.

विकतचं काहीच नसायचं तिच्यात. चुलीवरच्या माळ्यावर टांगून काळी पडलेली मोडकी टोपली ते कोणाकडून तरी मागून आणायचे. धूर खाल्लेला बांबू हलका होतो आणि त्याला कीड लागत नाही. त्याच्या काड्या कोयतीने तासायचे, मग एका बोटावर तोलून बघायचे, जड बाजू पुन्हा तासायचे. असं दुपारभर चालायचं. चिकटवायला पेजेतली शितं कुटून केलेली खळ, तिच्यात किंचित मोरचूद, नाहीतर रात्रीत झुरळं वावडी खाऊन टाकतात. दोरा जुन्या फाटक्या जाळ्याचा. जाळ्याचं सूत ऐनाच्या झाडाच्या सालीत उकळलेलं असतं, ते खाऱ्या हवेत कुजत नाही. गाठी सोडवून, तुकडे जोडून, मोडक्या वल्ह्याच्या दांड्यावर त्यांनी ते गुंडाळलं होतं. वरच्या बाजूला धनुष्यासारखी वाकवलेली काडी आणि तिला ताणून बांधलेली माडाच्या पातीची पट्टी. वावडी वर गेली की ती पट्टी घुमायची. मोठा भुंगा दाराशी अडकावा तसा आवाज, पण सबंध खाडीवर पसरलेला. आणि शेपटी लाल. बायकोच्या लग्नातल्या लुगड्याची चिंधी होती ती.

मी तो आवाज घरात बसून ऐकायची. आमच्या घरात सासूबाई आणि मी, दोघीच. हे मुंबईला गोदीत कामाला. सासूबाई दुपारी झोपायच्या. तेवढा वेळ घर इतकं गप्प असायचं की माठातलं पाणी ठिबकलेलं कळायचं. तो आवाज सुरू झाला की मला वाटायचं, कोणीतरी आहे बाहेर. एवढंच. बोलायची माझी छाती नव्हती. माहेरी मालवणातही माझी हीच तऱ्हा. चार माणसांत कोणी नाव घेऊन हाक मारली तर कान तापायचे.

पोरं भोवती जमायची तेव्हा मामा एरवीपेक्षा जास्त बोलायचे, पण ते सगळं नको नकोचंच. दोरा मनगटाला गुंडाळायचा नाही, बोटाला ओली चिंधी बांधायची. पाठ करून मागे मागे चालायचं नाही, मागे विहीर आहे, तिला कठडा नाही. रस्त्याच्या तारेकडे जायचं नाही. दोऱ्याला काच लावणारा पोरगा इथे दिसला तर त्याची वावडी मी चुलीत घालीन. ढग आला की उतरवायची. मासे मारणाऱ्या होड्या परतायच्या आधी उतरवायची, नाहीतर दोरा कोणाच्या गळ्यात अडकेल. पोरं कंटाळून निघून जायची. मग ते एकटेच आपल्या खुंटाशी उभे राहायचे. पूर्वी होडी बांधायचे तोच खुंट. दोऱ्याचं टोक आता त्याला बांधलेलं असायचं.

आमच्याकडे दुपार कलली की समुद्राकडचा वारा सुटतो आणि आमच्या काठावरून तिरका पलीकडे जातो. वावडीचं तोंड आपोआप त्या घराकडे व्हायचं. दोरा किती सोडायचा तेही त्यांनी ठरवलं होतं. एका ठिकाणी लाल गाठ होती. ती हाताशी आली की थांबायचं. त्या गाठीपर्यंत वावडी खाडीच्या मधोमध राहायची, पलीकडे जायची नाही. आपल्या बाजूच्या शिपायांनी त्याला हरकत घेतली नव्हती.

मुलीला कळेल का, असं कोणी विचारलं की ते म्हणत, तिला कळणार. तिच्या लहानपणी हाच आवाज होता.

पण दोरा शेवटी जुन्या जाळ्याचाच. एका दुपारी वारा जोराचा होता आणि एक जोड सुटला. वावडी डुलत डुलत पलीकडच्या माडांत उतरली. मामा हसले, म्हणाले, गेली माहेरवाशिणीला भेटायला.

ती वावडी वर्तमानपत्राच्या कागदाची होती. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला येतात ती जुनी वर्तमानपत्रं. मामांना वाचता येत नव्हतं. त्या कागदावर काय छापलंय हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही, आणि आम्ही बघणाऱ्यांपैकीही कोणाच्या डोक्यात आलं नाही. वाचता येणारे आम्हीसुद्धा तिला वावडी म्हणूनच बघत होतो.

पलीकडे त्या दिवसांत इकडचा छापील कागद सापडणं म्हणजे मोठं झेंगट होतं. खाडीच्या मधोमध दोन्हीकडच्या होड्या जवळ आल्या की मासे मारणारे दोन शब्द बोलून घेत, त्यातून आम्हाला कळलं. तिकडच्या शिपायांनी वावडी उचलली, वर मराठी बातम्या, त्यांना वाटलं कोणीतरी मुद्दाम पत्रकं धाडतंय. ज्यांच्या माडांत पडली त्या घरची झडती झाली. मामांच्या जावयाला सकाळपासून दिवे लागेपर्यंत चौकीवर बसवून ठेवलं. मारलं नाही. पण घरच्यांनी सुनेला नको नको ते ऐकवलं. निरोप होता की यापुढे अक्षरं धाडू नका.

मामा ऐकत उभे होते. मग म्हणाले, "त्या कागदार काय लिवलला आसा, माका काय म्हायत. कागद तो कागद." आणि त्यांनी वाळू उचलली, पण सोडली नाही. ती मुठीत घेऊनच घरी गेले.

बरेच दिवस खाडीवर आवाज नव्हता. मला दुपारी झोप येईना. सासूबाईंनाही चैन पडत नसावं, कारण त्या उगीच म्हणाल्या, म्हातारा मेला की काय.

एका सकाळी ते आमच्या अंगणात आले. सासूबाई सुपारी कातरत होत्या. मी दाराआड. त्यांनी अंगणातली माती चिमटीत घेतली, सोडली आणि विचारलं, "बायो, बिनअक्षरांचो कागद आसा काय गो?"

सासूबाई म्हणाल्या, "आधी अक्षरां वाचूक येत नाय म्हणान अडलो. आता अक्षरां नको म्हणान अडलो."

ते हसले नाहीत. सगळीकडे विचारून झालं होतं. सिमेंटच्या पिशव्यांवर नाव असतं, चहाच्या कागदावर चित्र असतं. वाण्याकडे कोरा कागद मिळेना.

माझ्याकडे होता. हे मुंबईहून पार्सल धाडत. लुगडं, साबण, सासूबाईंसाठी औषध. वरून खाकी कागद, चांगला जाड, गुळगुळीत. प्रत्येक पार्सलचा कागद मी घडी करून अंथरुणाखाली ठेवला होता. त्यावर माझं नाव असायचं, यांच्या हाताने लिहिलेलं. पत्रात ते सासूबाईंना लिहायचे, माझ्यासाठी खाली 'बाकी ठीक' असायचं. माझं नाव फक्त त्या कागदावर. पण हे काय कोणाला सांगायचं. मी आत गेले, एक कागद काढला आणि सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो मामांना दिला.

मामांनी तो उलटसुलट केला. नाव-पत्ता दिसला तसे ते थांबले. वाचता येत नव्हतं, पण शाई कळत होती. तसाच घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगणात आले, या खेपेला दाराकडे बघून बोलले. हातात चौकोनी तुकडा होता, पत्त्याभोवती कोयतीच्या टोकाने नीट कापून काढलेला. "अक्षरां पलीकडे धाडूची नाय," ते म्हणाले. "ही तुझी आसत. तू ठेव."

त्या वावडीच्या पोटात ठिगळ होतं. उन्हात ती वर गेली की ठिगळाचा चौकोन गडद दिसायचा. खाडीवर उभ्या असलेल्या सगळ्यांना ती तारीची वावडी दिसत होती, आणि मला माझ्या नावाची जागा दिसत होती. शेपटी पुन्हा लालच, त्याच लुगड्याची उरलेली चिंधी.

पुढचं सांगते ते तिसऱ्यांच्या निमित्ताने घडलं. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या. ओहोटीला आम्ही बायका चिखलात उतरून त्या गोळा करतो. त्या दिवशी मी मागे राहिले होते. मामा खुंटाशी उभे होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारत होते, समोर आंब्याच्या डावीकडे काही वाळत घातलंय का. वावडी पुन्हा उडायला लागल्यापासून त्यांनी ते सुरू केलं होतं. एकाने सांगितलं, हो, हिरवं लुगडं. दुसरा म्हणाला, तांबडं. तिसऱ्याने सांगितलं, लुगडं पण आहे आणि मुलगीही उभी आहे, हात हलवतेय. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगत होते सगळे. मी जवळून जात होते.

"बाय गो, तू बघ. काय दिसता?"

माझे कान तापले. पण त्यांनी दोरा धरला होता, त्यांना माझ्याकडे वळता येत नव्हतं, म्हणून बरं झालं. मी बघितलं. कुंपण होतं, त्यावर काही नव्हतं. "कायच नाय," मी म्हटलं.

त्यांनी दोरा जरा ओढून घेतला. मग म्हणाले, "तू खोटा बोलूक शिकाक नाय, बरा झाला. उद्या बघूया."

दुसऱ्या दिवशी माझ्या पायांनीच मला तिथे नेलं. काहीच नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आणि मग एका दुपारी, वावडी वर जाऊन घुमायला लागली होती, तेवढ्यात कोणीतरी त्या घरातून बाहेर आलं, ठिपक्याएवढं, आणि कुंपणावर लांबलचक काहीतरी पसरलं.

"रंग खंयचो?"

"तांबडा."

त्यांनी दोरा खुंटाला बांधला आणि पहिल्यांदाच खाली बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. मी टोपली घेऊन निघाले तेव्हाही बसलेलेच होते.

वर्षामागून वर्षं तेच आमचं काम झालं. पाऊस संपला की वावडी चढायची, मी जायची, त्यांच्या पाठीमागे केवड्याच्या बनाशी उभी राहायची. ते विचारायचे रंग खंयचो, मी सांगायची. कधी तांबडा, शेपटीचाच रंग, म्हणजे तिचं उत्तर. कधी कायच नाय. कधी दुसरा रंग असला तर ते साधं धुणं असं समजायचं. कायच नसलं की ते उद्या बघूया म्हणायचे आणि दोरा गुंडाळायला घ्यायचे. आमचं बोलणं एवढंच. पण दिवसभरात तोंड उघडून बोललेलं माझं तेवढंच असायचं, असे कितीतरी दिवस गेले. मुंबईची पार्सलं आधी वर्षाला एक झाली, मग थांबली. मामांनी दर वर्षी पत्त्याचा चौकोन परत आणून दिला, आणि कागद संपत आले तरी एका शब्दाने विचारलं नाही.

एकच दिवस ते जास्त बोलले. वारा पडला होता, वावडी चढत नव्हती. ते दोरा हातात घेऊन वाट बघत होते. म्हणाले, "मी मेलंय तर तिका कोण सांगतला? पोरगी आंघोळीविना ऱ्हवतली."

आमच्यात सासरी दिलेल्या मुलीला बाप गेल्याचं कानावर पडलं की तिने डोक्यावरून आंघोळ करायची असते. तीन रात्री सुतक पाळायचं. कानावर पडेपर्यंत ती आंघोळ बाकी राहते. मुलगी कुंकू लावते, सणाला गोड करते, हसते, आणि तिला माहीत नसतं. त्याचंच त्यांना वाटत होतं. मग वारा आला आणि त्यांना कामाला लागावं लागलं.

ते श्रावणात गेले. पाऊस कोसळत होता, खाडी लाल पाण्याने भरलेली. शेजाऱ्याने दार लोटून बघितलं तेव्हा ते भिंतीला टेकून बसलेले होते, जवळ बांबूच्या काड्या, अर्ध्या तासलेल्या. गावकऱ्यांनी सगळं केलं. पुतण्याने अग्नी दिला. त्यांच्या घरात वल्ह्याच्या दांड्यावरचा दोरा होता, एक वाळत घातलेला पांढरा पंचा होता, आणखी काही नव्हतं. ते दोन्ही सासूबाईंनी आमच्याकडे आणून ठेवलं.

पलीकडे निरोप द्यायचा सगळ्यांच्या मनात होतं. पण त्या वर्षी दोन्हीकडे पहारा वाढला. मासे मारणारे आपापल्या काठाला चिकटून राहिले. पाऊस संपल्यावरही मधोमध जायची कोणाची हिंमत होईना.

दसरा झाला. मी तिसऱ्या काढायला गेले आणि सवयीने समोर बघितलं.

कुंपणावर तांबडं लुगडं होतं.

वावडी नाही, आवाज नाही, तरी तिने ते घातलं होतं. विचारत होती ती. दुसऱ्या दिवशीही होतं. तिसऱ्या दिवशी दुपारभर होतं आणि दिवे लागले तरी कोणी काढलं नाही. ते फक्त मलाच दिसत होतं असं नव्हे, डोळे सगळ्यांना होते. पण त्याचा अर्थ माहीत असलेली मी एकटी.

मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. एका दमात, भाकरी थापता थापता. जेवण झाल्यावर त्यांनी माळ्यावरची काळी टोपली काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

एवढी वर्षं पाठीमागून बघितलेलं होतं. काड्या तासल्या, बोटावर तोलल्या. तोल साधेना तेव्हा पुन्हा तासल्या. खळ केली. शेवटचा एकच खाकी कागद उरला होता. त्यावरचा पत्ता मी कापून काढला आणि तिथे ठिगळ लावलं. घुमणारी पट्टी लावली नाही. ती लावली असती तर तिला वाटलं असतं, आहेत बाबा. आणि शेपटीला मामांचा पंचा फाडला. पांढरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी काठावर गेलो. धक्क्यावर पुरुष बसले होते, शिपाईही होता. बाईमाणसाने भर दुपारी वावडी उडवायची ही गोष्ट आमच्या गावात कोणी बघितली नव्हती. मी बोटाला ओली चिंधी बांधली. पाठीमागची विहीर बघून घेतली. एकटीने मोठी वावडी चढत नाही, कोणाला तरी ती दूर धरून सोडावी लागते; मामांना पोरं धरून द्यायची. कोणाला सांगायचं ते मला कळेना.

सासूबाईंनी पदर खोचला. "तू दोरो धर. मी वावडी धरतंय," त्या म्हणाल्या. "सोड म्हणशील तेव्हा सोडतलंय. पण मोठ्यान म्हण, माका कमी ऐकाक येता."

मी वाकून वाळू उचलली. बोटं सोडली. वाळू तिरकी पाण्याकडे गेली.

"सोड," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मग मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा.

वावडी आधी भुईला घासली, मग उठली. धक्क्यावरचे लोक उभे राहिले. कोणी हसलं नाही. लाल गाठ हाताशी आली तिथे मी थांबले. वर कसला आवाज नव्हता. ती नुसती तिथे होती आणि तिची पांढरी शेपटी पाण्यावर हलत होती.

समोरचं ठिपक्याएवढं माणूस घराबाहेर आलं. कुंपणाशी उभं राहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, माझा हात दुखून गेला. मग तिने लुगडं कुंपणावरून ओढून घेतलं. घरात गेली नाही. माडांतून खाली, पाण्याच्या बाजूला गेली.

त्यानंतर बरेच दिवस कुंपण रिकामं होतं.

त्याच थंडीत सरहद्द उघडली. पलीकडचं राज्य गेलं. फटाके वाजले, पेढे वाटले. उलटी पडलेली होडी सरळ केली, तिच्या फळ्या सुटल्या होत्या, मग दुसऱ्या गावाहून होडी आणि तारी आणला. पहिल्या दिवशी काठावर जत्रेसारखी गर्दी. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. मी केवड्याच्या बनाशी होते.

ती कोण हे मला कोणी सांगावं लागलं नाही. होडीतून उतरून ती गर्दीत न थांबता सरळ खुंटाकडे गेली. ठिपक्याएवढी बघितलेली बाई एवढी उंच असेल, केस एवढे पिकलेले असतील, असं मला वाटलं नव्हतं. तिने बायकांना विचारलं, "वावडी कोणी सोडल्यान?" सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने विचारलं, पांढरी शेपटी लावायला तुला कोणी सांगितलं. मी म्हटलं, कोणी नाही.

"त्याच सांजेक खाडीत बुडी मारलंय," ती म्हणाली. "घरात कोणाक सांगूक नाय. तीन राती जमिनीर निजलंय."

तिने कनवटीची चिंधी काढून दाखवली. लाल होती, जुनी, कडा उसवलेल्या. वर्तमानपत्राची वावडी माडांत पडली तेव्हा शिपाई यायच्या आधी तिने शेपटी तोडून घेतली होती आणि भाताच्या कणगीत लपवली होती. आईचं लुगडं तिने ओळखलं होतं. म्हणूनच पुढे तिला कुंपणावर लाल घालायचं सुचलं.

तिने माझ्या हातावर हात ठेवला, मग मामांच्या घराकडे गेली. कुलूप होतं. ओटीवर थोडा वेळ बसली आणि दिवेलागणीच्या होडीने परतली.

मला वाटलं होतं, आता ती येत जाईल. वर्षश्राद्धाला आली. पुढच्या वर्षी आली नाही. कोणाकडे येणार. घराचं छप्पर पुतण्याने उतरवून नेलं. आता होडी दिवसातून कितीतरी वेळा जाते-येते, पण त्या घराला इकडे कोणी नाही.

मामांचा खुंट अजून आहे. नवीन तारी होडी दुसरीकडे बांधतो. सासूबाईंना जाऊनही आता दिवस झाले. दुपारी मी तिसऱ्यांची टोपली घेऊन जाते आणि परतताना खुंटाशी उभी राहते. कुंपणावर कधीकधी तांबडं असतं. ते धुणं असेल किंवा माझ्यासाठी असेल, मी विचारायला गेले नाही. जे दिसतं ते मी तोंडाने म्हणते, हळू, खुंटाला ऐकू जाईल एवढंच.

आज बघितलं. कायच नाय, मी म्हटलं. थोडं थांबले. मग उद्या बघूया हेही मीच म्हटलं, आणि टोपली उचलली.